पेटीचा पुकारा

नियम मी तीनदा वाचले. पहिल्यांदा चष्मा लावून, दुसऱ्यांदा मोठ्याने आणि तिसऱ्यांदा रुचिराला शेजारी बसवून. तिन्ही वेळा मला एवढंच कळलं की विकणारी बाई मी आहे, आणि मला काय करायची मुभा आहे ते मलाच ठाऊक नाही.

मी मालन. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहते. बत्तीस वर्षं बालवाडीत पोरं सांभाळली, तेव्हा गोंधळाची मला सवय आहे, पण तो दुसऱ्यांनी घातलेला. स्वतःच्या डोक्यात गोंधळ झाला की मला राग येतो, आणि राग आला की मी भांडी घासायला घेते. त्या आठवड्यात आमच्या घरातली भांडी लखलखत होती.

माझा नवरा दत्ताराम. नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. रेशनकार्डापासून हॉस्पिटलच्या फॉर्मपर्यंत ते मीच लिहीत आले आहे. दत्ताराम गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते, गिरणी बंद पडल्यावर एका गोदामात सुपरवायझर झाले. पण त्यांना विचाराल तर ते यातलं काही सांगणार नाहीत. ते पेटीवाले. चाळीस वर्षं भजनाला पेटी वाजवली. डबलबारीला, म्हणजे दोन मंडळांच्या भजनाच्या सामन्यात, समोरचा बुवा कितीही गाजलेला असो, आमच्या मंडळाच्या पेटीला कोणी नाव ठेवलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय परत आला. उजव्या हाताची बोटं तेवढी आली नाहीत. पेटी खिडकीखालच्या ट्रंकेवर होती तशीच राहिली, वर मी शिवलेली खोळ.

झालं असं, की एका गुरुवारी मंडळाची दोन पोरं आली. चांगली पोरं. पाया पडली, तब्येत विचारली आणि मग म्हणाली, ‘‘काका, यंदा गणपतीत भजनाला तुमची पेटी मिळेल काय? वाजवायला माणूस आहे आपल्याकडे.’’

दत्ताराम ‘बघू’ म्हणाले. पोरं जिना उतरेपर्यंत गप्प बसले आणि मग एकदम ओरडले, ‘‘इकून टाक ती पेटी! माझ्या डोळ्यांसमोर नको.’’

‘‘खराच इकू?’’

‘‘इक म्हटलंय मा!’’

रागात एकाने बोलायचं आणि रागातच दुसऱ्याने ते करून दाखवायचं, असे आमच्या संसारातले निम्मे निर्णय झालेले आहेत. मला म्हणायचं होतं, अहो, राहू द्या, पडून आहे तर पडून राहील. पण तोंडातून आलं, ‘‘बरा, इकतंय.’’ रविवारी मी खालच्या मजल्यावरून रुचिराला बोलावलं. रुचिरा माझ्या धाकट्या दिरांची मुलगी, पवईला ऑफिसात जाते, फोनमधलं सगळं तिला येतं. तिने ‘बोलीघर’ नावाच्या ॲपवर पेटी लिलावाला लावली. ओटीपी माझ्या फोनवर आला म्हणून खातं माझ्या नावाचं. सुरुवात तीन हजारांपासून, मुदत सात दिवस, रविवारी संध्याकाळी सहा ते पुढच्या रविवारी सहा.

रुचिरा फोटो काढत होती तेव्हा दत्ताराम पेपर वाचत होते. अर्धा तास एकच पान. मी मनात म्हणत होते, एकदा ‘नको’ म्हणा, मी आत्ता सगळं बंद करते. ते काही म्हणाले नाहीत. मीही काही विचारलं नाही.

इथे मला आमच्या गावची पावणी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचा घोळ तुम्हाला कळायचा नाही. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळात, देवाला आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. केळीचे घड, नारळ, कोहळे, कोंबडे. त्याला आमच्याकडे पावणी म्हणतात. पैसे देवळाला जातात. दत्ताराम दर वर्षी रजा काढून गावी जायचे ते या पुकाऱ्यासाठी, म्हणजे बोली मोठ्याने पुकारायला, कारण आवाज त्यांचा. पावणीचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण गावातल्या शेंबड्या पोराला पाठ आहेत. एकदा लावलेली बोली मागे घ्यायची नाही. एकदा सुरू झालेला पुकारा मध्येच सोडायचा नाही. मात्र ज्याने वस्तू देवाला दिली त्याने स्वतःच बोली लावून ती परत घरी नेली, तर त्यात वावगं काही नाही. उलट लोक मुद्दाम बोली चढवतात, हसतात आणि शेवटी त्याची वस्तू त्याला घेऊ देतात. माझ्या सासऱ्यांनी आपला फणस आपणच तीन वर्षं घेतला होता.

सोमवारी दुपारी पहिली बोली आली. नाव होतं ‘दर्शना_देवनार’. बोलीखाली तिने प्रश्नही विचारला होता. ‘पेटी किती वर्षांची आहे? भात्यातून हवा जाते का? मी वडिलांच्या गायन पार्टीत भीमगीतांना पेटी वाजवते. आमची पेटी आता दुरुस्त होत नाही.’

मी वाचून दाखवलं. दत्ताराम खुर्चीत सरळ झाले. ‘‘लिही. भाता तीन वर्सांपूर्वी बदललेलो. सूर पालिताण्याचे, अस्सल. वरच्या सप्तकात एक काळी पट्टी पावसाळ्यात अडाकता, ता पण लिही.’’

‘‘ता कित्याक लिहायचा? गिऱ्हाईक पळात.’’

‘‘पळांदे. खोटा सांगून पेटी द्यायची नाय.’’

ते बोलत गेले आणि मी ‘काका सांगतात’ म्हणून एका बोटाने टाइप करत गेले. पेटी कशी उचलायची, उन्हात का ठेवायची नाही, खोळीत कडुनिंबाचा पाला कसा ठेवायचा. दोन वर्षांत ते एका दमात इतकं बोलले नव्हते. बोलता बोलता त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. काय करून बसले मी? रागाच्या भरात ह्यांनी एक वाक्य बोलावं आणि मी ते बाजारात नेऊन मांडावं? अक्कल कुठे गहाण पडली होती माझी?

मंगळवारी सकाळी रुचिरा ऑफिसला निघाली होती, तिला जिन्यातच धरलं. ‘‘गं, हे बंद करता येतं का?’’

‘‘येतं की काकी. विकणारा बोली रद्द करू शकतो, लिलावसुद्धा लवकर संपवू शकतो. फक्त शेवटचे चोवीस तास सुरू व्हायच्या आत. म्हणजे शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर बोली असेल तर विकावंच लागतं.’’

मला खरं वाटेना. लागलेली बोली पुसून टाकायची? आणि तेही विकणाऱ्याने? तिला ओढून घरात आणलं, तिने नियम उघडून दिला, आणि मग मी तो वर सांगितलं तसा तीनदा वाचला. बोली रद्द करायला कारण निवडावं लागतं. कारणं चार : वस्तू हरवली, वस्तू मोडली, माहिती चुकीची भरली, बोली लावणाऱ्यानेच विनंती केली. मन बदललं, असं कारण त्यात नव्हतं. पेटी हरवली म्हणून लिहू? ती तर समोर ट्रंकेवर होती.

दुपारी मी त्यांच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. एक मुलगी गोड बोलली. ‘‘मॅडम, विक्रेता बोली रद्द करू शकतो, पण शक्यतो करू नये.’’

‘‘म्हणजे करू शकते की नाही?’’

‘‘करू शकता मॅडम. पण वारंवार केलं तर खात्यावर परिणाम होतो.’’

‘‘वारंवार कशी करीन? माझ्याकडे एकच पेटी आहे.’’

‘‘मग करू शकता मॅडम. पण बोली लावणाऱ्याचा विश्वास तुटू नये अशी आमची विनंती आहे.’’

म्हणजे दार उघडं आहे, पण आत येऊ नका. मी फोन ठेवला आणि कढई घासायला घेतली.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, ‘‘ता लिलावाचा बंद करता येता म्हणे. एक बटण असा.’’

दत्तारामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवळातली घंटा विकायला काढली होती. ‘‘बोली लागली मा? बोली लागली काय ती वस्तू आपली नाय. पुकारो मोडणाऱ्याक गावात कोण पाणी देयत काय?’’

‘‘ह्या गाव नाय, फोन असा.’’

‘‘माणसाच बोली लावतत मा फोनातून? त्या देवनारच्या मुलीक काय सांगशीत? बायलेचा मन बदलला?’’

बायलेचं मन! विकून टाक म्हणून ओरडले कोण? पण एक मात्र पक्कं झालं : बटण दाबलं तर हे मला आयुष्यभर ऐकवतील, आणि नाही दाबलं तर रविवारी संध्याकाळी पेटी जाईल आणि हे खिडकीखालच्या रिकाम्या ट्रंकेकडे बघत बसतील. पेटी घरात आहे तोवर हात बरा व्हायला जागा आहे, असं मला वाटायचं. हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. पेटी गेली म्हणजे आम्हीच मान्य केलं, की संपलं.

मग मला पावणी आठवली. आपली वस्तू आपण घ्यायला कोणाची ना आहे?

बुधवारी मी मुलाला फोन केला. सिद्धेश दहिसरला राहतो, चेकनाक्याजवळ. म्हटलं, ‘‘तू बोली लाव. कितीही होऊ दे, पेटी आपल्या घरीच राहिली पाहिजे. बाबांना बोलू नको.’’

‘‘आई यार, आपलीच पेटी आपण विकत घ्यायची?’’

‘‘तुझ्या आजोबांनी फणस नाही घेतला?’’

‘‘कुठला फणस?’’

‘‘तू बोली लाव.’’

त्याने नवं खातं काढलं, नाव ठेवलं ‘रायगड_रायडर’. नाव ऐकून मी कपाळावर हात मारला, पण काम झालं. देवनारच्या मुलीची बोली तोवर तीन हजारांवरच होती, सिद्धेशने साडेचार लावली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि त्या दिवशी पहिल्यांदा भांडी न घासता झोपले.

गुरुवारी उठून बघते तर कोणी ‘म्युझिकलव्हर_९९’ पाच हजारांवर बसलेला. देवनारची मुलगी सहावर गेली. सिद्धेश साडेसहा. म्युझिकलव्हर सात. मग मुलगी थांबली आणि हे दोघेच राहिले. सात, साडेसात, आठ. मी सिद्धेशला ऑफिसात फोन करकरून चढवत होते. माझी खात्री झाली की हा म्युझिकलव्हर म्हणजे कोणीतरी जुन्या बाजारातला दलाल आहे, जो पेटी फोडून सूर वेगळे विकणार. मी त्याला मनात काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

दत्तारामांना मी म्हटलं, ‘‘कोण मेलो असा काय माहीत. मागे लागलोहा नुसतो.’’

‘‘असांदे गो,’’ ते शांतपणे म्हणाले. ‘‘चांगलो माणूस असतलो. तो रायगडवालो मात्र माका बरो दिसना नाय.’’

मला ते लागलं. माझ्या मुलाला बरा नाही म्हणायचं म्हणजे काय? पण बोलणार कशी? आणि हे एवढे निवांत कसे, तेही मला कळेना. पेटी हातची चाललेली आणि हे दुपारी शीळ घालत होते.

शनिवारी दुपारपर्यंत बोली साडेअकरा हजारांवर गेली होती, आणि ती म्युझिकलव्हरची होती. साडेचारच्या सुमारास सिद्धेश स्वतःच आला, कारण फोनवर मी फार ओरडत होते. तो बूट काढतो तोच माझा फोन वाजला. देवनारच्या मुलीचा निरोप होता.

मी नेहमीसारखा मोठ्याने वाचला. ‘काका, एक बोलू का? तुमच्या पेटीवर जे दोघं बोली लावतायत ती दोन्ही खाती याच आठवड्यातली आहेत. दुसऱ्या कुठल्याच वस्तूवर त्यांनी बोली लावलेली नाही. पेटी विकायची नसेल तर तसं सांगा ना, मला राग नाही येणार. मी दोन ठिकाणी उसने मागितले होते, ते परत करीन. तुम्ही पावसातली पट्टीसुद्धा सांगितली होती, म्हणून विचारलं.’

सिद्धेश जमिनीकडे बघत होता. दत्ताराम खिडकीकडे बघत होते. का बरं हे खिडकीकडे?

‘‘सिद्धेश माझ्या सांगण्यावरून बोली लावत होता,’’ मी म्हटलं. लपवून काय उपयोग होता? ‘‘रायगडवाला तोच. पण तो दुसरा कोण आहे मला माहीत नाही. देवाशपथ.’’

मग दत्ताराम अगदी हळू म्हणाले, ‘‘रुचिराक हाक मार.’’

रुचिरा वर आली ती आधीच रडकुंडीला आली होती. ‘‘काकी, काकांनी मंगळवारी रात्री सांगितलं, आणि बुधवारी रात्री मी म्युझिकलव्हर नावाने बोली लावली. तुला बोलू नको म्हणाले. नाही कसं म्हणणार मी? आणि तो रायगड_रायडर कोण मवाली आहे असं वाटलं मला.’’

‘‘मवाली मी,’’ सिद्धेश म्हणाला.

मला आधी हसू आलं. मग भयंकर राग आला. मंगळवारी! ज्या दिवशी पुकारा मोडणाऱ्याला पाणी मिळत नाही असं मला ऐकवलं, त्याच दिवशी! ‘‘माका धर्म शिकवलात आणि स्वतः मागच्या दारान बोली लावलात?’’

‘‘मागच्या दारान कसली?’’ दत्ताराम चिडले. ‘‘आपली वस्तू आपण घेतली. पावणीत सगळेच घेतत.’’

‘‘काका, पण इथे ते चालत नाही,’’ रुचिरा म्हणाली. ‘‘इथे तोच सगळ्यात मोठा गुन्हा आहे. विकणाऱ्याने किंवा त्याच्या माणसाने बोली लावायची नाही. मला माहीत होतं. मी तरी लावली.’’

‘‘आणि लागलेली बोली पुसलेली चलता?’’

‘‘सहाच्या आत चालते.’’

‘‘लिलाव मधीच मोडलेलो चलता?’’

‘‘तोही चालतो.’’

दत्ताराम तिच्याकडे बघतच राहिले. खरं सांगायचं तर मीसुद्धा. आमच्याकडे जे पाप, ते इथे एका बटणावर, आणि आमच्याकडे जे सगळ्यांसमोर हसत करायचं, ते इथे फसवणूक. आम्ही नवरा-बायको दोघांनी पाप टाळायचं म्हणून नेमकी फसवणूक केली होती. आणि ती कोणाची? कोणा दलालाची नाही. म्हाताऱ्या माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवून उसने पैसे गोळा करणाऱ्या मुलीची. मला शरम वाटली. इतकी की तोंड धुवायला मोरीत गेले आणि नळ चालू करून नुसतीच उभी राहिले.

बाहेर आले तर साडेपाच होत होते. सिद्धेशचं म्हणणं सरळ होतं, ‘‘आई, सगळंच बंद कर. सहाच्या आत आहोत. पेटी राहील, विषय संपेल.’’

रुचिराचं म्हणणं वेगळं. ‘‘आमच्या दोघांच्या बोली रद्द कर. तिची सहा हजारांची उरते. खरी बोली तेवढीच आहे ना? मग उद्या पेटी तिला जाईल.’’

दोन्ही करता येत होतं. दोन्हीला नियम हो म्हणत होता. नियम फक्त करता येतं एवढं सांगत होता, करावं की नाही त्याबद्दल चकार शब्द नव्हता. मी दोघा पोरांना म्हटलं, ‘‘जा, खाली जाऊन चहा प्या.’’ ती गेली. मी खुर्ची ओढून दत्तारामांच्या समोर बसले.

‘‘खरा सांगा. तुमका पेटी होयी काय नको?’’

त्यांनी पेटीच्या खोळीकडे पाहिलं. ‘‘होयी.’’

‘‘मग इकूक कित्याक सांगितलात?’’

‘‘त्या पोरांनी म्हटला, वाजवक माणूस असा. माका रडाक येय होता, म्हणान आरडलंय.’’ त्यांनी नाक पुसलं. ‘‘तू खराच इकायला काढशीत असा वाटला नाय.’’

‘‘तुमी नको म्हणशात असा माका वाटला.’’

आम्ही दोघं म्हातारी माणसं एकमेकांसमोर बसून होतो, आणि दोघांनाही एकमेकांचं काही समजलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात हे असं. मी विचारलं, ‘‘होयी ती कशाक? नुसती बघूक?’’

‘‘बरो झालंय तर.’’

मी दोन वर्षं एक प्रश्न गिळत आले होते. डॉक्टरांनाही विचारला नव्हता, कारण ते उत्तर देतील अशी भीती. तो माझ्या तोंडून निसटला. ‘‘होतलास बरे?’’

दत्तारामांनी उजवा हात डाव्या हाताने उचलला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. ‘‘नाय,’’ ते म्हणाले. ‘‘पेटी वाजवण्याइतको नाय. माका म्हायत असा. वरीस झाला, माका म्हायत असा. तुका वाईट वाटात म्हणान बोलाक नाय.’’

मी रडले. लपवलं नाही. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि तेही रडले. वरच्या मजल्यावर कोणीतरी ड्रिलिंग करत होतं, त्यामुळे खाली पोरांना ऐकू गेलं नसावं.

पावणेसहाला मी फोन हातात घेतला. विचारलं, ‘‘काय करू?’’

‘‘तुझा खाता, तू बघ,’’ ते म्हणाले, आणि मग, ‘‘त्या मुलीन पट्टीचा विचारल्यान. पेटीवाल्या माणसाच विचारता असा.’’

मी रायगड_रायडरच्या नावापुढचं बटण दाबलं. कारण विचारलं, मी ‘माहिती चुकीची भरली’ निवडलं. म्युझिकलव्हरचंही तसंच. दोनदा ‘तुमची खात्री आहे का?’ असं विचारलं. खात्री कसली असणार? मी दोनदा ‘हो’ दाबलं. खाली एकच नाव उरलं. मग मी तिला एका बोटाने लिहिलं, ‘पोरी, ती दोन खाती आमच्या घरातलीच होती. चूक आमची. पेटी तुझी. उद्या सहापर्यंत कोणी आलं नाही तर घेऊन जा.’ घरातलीच होती, हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

कोणी आलं नाही. सोमवारी ऑफिसातून सुटल्यावर दर्शना रिक्षाने आली, सोबत जाडजूड चादर घेऊन. पंचविशीची, सावळी, बोलायला धीट. रागावलेली होती का, ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. पैसे तिने मोजून सहा हजार काढले. दत्तारामांनी तीन ठेवले आणि तीन परत दिले. ‘‘वरचे आम्ही चढवलेले.’’ ती घेईना, मग मी तिच्या पर्समध्ये कोंबले. नंतर तिने खाली बसून पेटी वाजवून बघितली. अडकणारी पट्टी अडकली. दत्ताराम म्हणाले, ‘‘अशी नाही, थोडी कडेला दाब.’’ तिने कडेला दाबली. सूर आला. तिने चादरीत पेटी गुंडाळली, सिद्धेशने आणि तिने मिळून ती खाली नेली, आणि दत्ताराम खिडकीतून रिक्षा वळेपर्यंत बघत उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. मी बरोबर केलं का? तेव्हा कळलं नाही, आताही नीटसं कळत नाही.

रोज सकाळी सातला मी त्यांचा उजवा हात तेलाने चोळते आणि बोटांचा व्यायाम करून घेते. डॉक्टरांनी दिलेला मऊ गोळा दाबायचा, सोडायचा, वीस वेळा. मंगळवारी सकाळी सात वाजले आणि मला गोळा बाहेर काढायचा धीर होईना. काय म्हणून काढायचा? शेवटी काढलाच. तेलाची वाटी घेऊन त्यांच्यासमोर बसले.

त्यांनी गोळ्याकडे पाहिलं, मग ट्रंकेकडे. ‘‘आता कित्याक ह्या?’’

‘‘चायचो कप धरूक,’’ मी म्हटलं. ‘‘मी काय जन्मभर पाजीत रवतलंय?’’

मग त्यांनी हात पुढे केला.